चिरडलेली अळी

तिन्हीसांजेला एमआयडीसीजवळच्या आमच्या अंगणात मोठा हिरवट पतंग येतो. फुलावर न बसता, हवेतच थांबून लांब सोंडेनं मध चोखतो. मोबाइलवर त्याचा फोटो काढायला मी धडपडायचे. आणि तगरीवर शेपटीशी शिंग असलेली जाड हिरवी अळी दिसली, की चपलेनं चिरडायचे! दोन्ही एकच, हे ठाऊकच नव्हतं.

अशी कोडी सुटली ती अळ्या पाळूनच. वनाधिकारी टी. आर. बेल यांनी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कारवारला अळ्या पाळल्या. कोणत्या अळीचा कोणता पतंग होतो, ते नोंदवलं. स्कॉट यांच्यासोबत लिहिलेला त्यांचा या पतंगांवरचा ग्रंथ १९३७ साली निघाला.

बायांनो, ते शिंग टोचत नाही. चार पानं खाऊ द्या तिला. उद्या फुलावर तीच येईल.