गाणं कोणाचं, आवाज कोणाचा?



आपल्या केंद्राकडे दोन प्रश्न नेहमी येतात. पहिला, सिनेमाची गाणी तुम्ही दिवसभर का लावत नाही? दुसरा प्रश्न ओव्या म्हणायला येणाऱ्या बायकांचा. आमचा आवाज रेडिओवर गेला, उद्या कोणी तो मोबाईलवर टाकला, तर आम्हाला विचारायला नको का? दोन्हींचं उत्तर एकाच कायद्यात आहे. त्याला कॉपीराइट म्हणतात, म्हणजेच स्वामित्वहक्क. आज त्या कायद्याची गोष्ट आम्ही गाणाऱ्या बाईच्या बाजूने सांगणार आहोत.

सुरुवात करू 1902 पासून. त्या वर्षी कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं तबकडीवर घेतलं गेलं. गाणं संपताना त्या स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, आणि तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावं, यासाठी ही युक्ती होती. नाव असं तबकडीत कोरलं गेलं, पण हक्क? 1914 साली इंग्रजांनी आपला कॉपीराइट कायदा इथे लागू केला. ध्वनिमुद्रणाची मूळ तबकडी ज्याच्या मालकीची, त्यालाच त्या कायद्याने त्याचा कर्ता मानलं. म्हणजे मालक ठरली कंपनी. गाणाऱ्या बाईला बिदागी मिळाली की हिशेब मिटला.

पुढे घराघरात रेडिओ आला. स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे भोक्ते. सिनेमाची गाणी त्यांना उथळ वाटत. आकाशवाणीने ती गाणी पारखून घ्यायला सुरुवात केली, आणि गाण्याबरोबर सिनेमाचं नाव सांगणं बंद केलं, कारण ती जाहिरात होते असं ठरलं. निर्माते चिडले. गाणी वाजवायची परवानगी देणारे तेच होते, त्यांनी ती काढून घेतली. थोड्याच महिन्यांत आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी मग रेडिओची सुई कोलंबोकडे, रेडिओ सिलोनकडे फिरवली. तिथे 1952 च्या अखेरीस अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. आकाशवाणीला 1957 मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. या सगळ्या भांडणात सरकार होतं, निर्माते होते. ज्यांच्या आवाजावर हे चाललं होतं, त्या गायक-गायिकांना मात्र कोणी विचारलं नाही.

त्या काळात गायिकेचं नावसुद्धा सहज मिळत नव्हतं. 1949 च्या ‘महल’ सिनेमातलं लता मंगेशकरांचं गाणं गाजलं, पण तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं होतं ‘कामिनी’. ते तर सिनेमातल्या पात्राचं नाव! पुढे 1960 च्या दशकात लताबाईंनी मागणी केली की तबकड्यांच्या विक्रीतून गायकांनाही रॉयल्टी मिळावी. महंमद रफींचं म्हणणं होतं की गाण्याचे पैसे एकदा मिळाले, विषय संपला. त्यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं सोडलं. मोठ्या मोठ्या गायिकेलासुद्धा ही मागणी भांडूनच करावी लागत होती, कारण तिच्या पाठीशी कायदा नव्हता.

स्वतंत्र भारताचा कॉपीराइट कायदा 1957 चा. त्यात गीतकार, संगीतकार, निर्माता यांचा विचार होता, गायकाचा नव्हता. शिवाय ‘संगीत’ म्हणजे काय, तर जे कागदावर लिहिलेलं किंवा छापलेलं आहे ते! 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की निर्मात्याने पैसे देऊन सिनेमासाठी करून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक निर्माताच, वेगळा करार नसेल तर. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वेगळी टीप जोडली. गोड गळ्याला आपला कायदा काहीच देत नाही, ही गोष्ट त्यांना खटकली, आणि संसदेने इकडे लक्ष द्यावं असं त्यांनी लिहिलं.

संसदेला त्यासाठी सतरा वर्षं लागली. 1994 च्या दुरुस्तीत कागदाची अट गेली आणि ‘सादरकर्ता’ हा शब्द आला. त्यात गायक, वादक, नर्तक आहेत, तसेच डोंबारी आणि गारुडीही आहेत. कला सादर करणारी कोणीही व्यक्ती त्यात येते. 2012 मध्ये आणखी मोठा बदल झाला. जावेद अख्तर राज्यसभेत होते, त्यांनी हा विषय लावून धरला. गीतकार, संगीतकारांना आपला रॉयल्टीचा वाटा आता निर्मात्याला लिहून देता येत नाही. सादरकर्त्यालाही व्यावसायिक वापरातून रॉयल्टी मिळाली पाहिजे, आणि त्याचं नाव दिलं गेलं पाहिजे, असं कायद्यात आलं.

त्याच दुरुस्तीत रेडिओसाठी एक सोय झाली. आधी नोटीस देऊन, ठरलेल्या दराने पैसे भरून प्रसारण केंद्राला गाणी लावता येतात. मग इंटरनेटवरच्या कंपन्या म्हणाल्या, आम्हीही प्रसारणच करतो. मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये टिप्स आणि विंक यांच्या खटल्यात ते नाकारलं, आणि 2022 मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तोच निकाल कायम केला. ही सोय रेडिओ आणि टीव्हीची, इंटरनेटची परवानगी वेगळी घ्यायची. पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. सिनेमाचं गाणं लावायला पैसे लागतात, परवाने लागतात. आपल्यासारख्या छोट्या केंद्राला ते दिवसभर झेपत नाही.

आता दुसरा प्रश्न, तो जास्त महत्त्वाचा. हेमा रायरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या गावोगावच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. प्रत्येक ओवी कोणत्या गावच्या कोणत्या बाईने सांगितली, हे त्यांनी जपलं. आजीपणजीकडून आलेल्या ओवीवर कोणा एकीचा मालकीहक्क नाही, ती सगळ्यांची. पण ती तुम्ही गायलात, तर ते गाणं, तो आवाज, तुमचा. तुम्हाला न विचारता तो कोणी विकू शकत नाही, इंटरनेटवर टाकू शकत नाही. हा हक्क 50 वर्षं राहतो. आणि ओवी तुम्ही स्वतः रचली असेल, तर शब्दांचा हक्कही तुमचाच. त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही, शाळेचा दाखला लागत नाही.

म्हणून कोणीही रेकॉर्डिंग करायला आलं, मग ते आम्ही असू की शहरातली मोठी मंडळी, तर चार गोष्टी विचारा. हे कुठे वाजणार? रेडिओवरच की मोबाईलवरही? माझं नाव आणि गाव सांगणार का? पैसे मिळाले तर माझा वाटा किती? उत्तर कागदावर घ्या, आणि अंगठा उठवण्याआधी तो कागद कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या.