शुश्रूषा म्हणजे हुकूम ऐकणे की रुग्णाचे ऐकणे?

दरवर्षी १२ मे रोजी, फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, परिचारिका दिन साजरा होतो. नर्सिंगच्या विद्यार्थिनी हातात दिवा घेऊन शपथ घेतात, पाहुणे भाषणात त्यांना 'सेवेची मूर्ती' म्हणतात आणि कार्यक्रम संपतो. आमच्या वस्तीतील एक मुलगी अशीच शपथ घेऊन जीएनएम झाली आणि एका खाजगी रुग्णालयात नोकरीला लागली. ठरल्यापेक्षा कमी पगार, बारा तासांची पाळी आणि मूळ प्रमाणपत्रे रुग्णालयाच्या कपाटात! ती प्रमाणपत्रे परत मागायला आम्ही तिच्याबरोबर गेलो, तेव्हा तिथले व्यवस्थापक म्हणाले, "ताई, हे सेवेचे क्षेत्र आहे. इथे पैशाकडे पाहायचे नसते."

हे वाक्य आम्हाला नवीन वाटले नाही. आपल्या आज्या-पणज्यांना हेच सांगितले गेले होते. म्हणून नर्सिंगचा इतिहास आपल्या बाजूने वाचणे गरजेचे आहे.

सुरुवात शब्दापासूनच करू. नर्सिंगला मराठीत आपण 'रुग्णशुश्रूषा' म्हणतो. शुश्रूषा या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायातील ९१ व्या श्लोकात हाच शब्द येतो. शूद्राला एकच कर्म नेमून दिले आहे, वरच्या तीन वर्णांची शुश्रूषा, आणि तीही मनात असूया न धरता. म्हणजे इथे ऐकणे म्हणजे हुकूम ऐकणे. कामाचे कौशल्य मोजायचे नाही आणि मोबदल्यावर हक्कही सांगायचा नाही. सेवा हा जन्माने चिकटलेला धर्म!

याच्या अगदी उलट विचार याच भूमीत झाला होता. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर निजवले. त्यानंतर रुग्णाची काळजी घेणारा कसा असावा याचे पाच गुण सांगितले. त्याला औषध तयार करता यावे. रुग्णाला काय मानवते व काय मानवत नाही हे त्याला कळावे. लोभाने नव्हे तर मैत्रीभावाने त्याने काम करावे. मलमूत्र, थुंकी, ओकारी यांची त्याला किळस वाटू नये. आणि रुग्णाला वेळोवेळी धीर देता यावा. आजच्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम काढून पाहा, औषधोपचार, आहार, स्वच्छता, संवाद हे सारे त्यात आहे. इथे शुश्रूषा कोणत्याही वर्णाचे कर्म नाही. ते शिकण्याचे काम आहे.

चरकसंहितेनेही वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण असे चिकित्सेचे चार पाय मानले आणि परिचारकाला ज्ञान व दक्षता हवी असे सांगितले. म्हणजे समज नव्हती असे नाही. परंतु जातिव्यवस्थेने रक्त, मलमूत्र आणि बाळंतपण यांना विटाळ ठरवले. अनेक गावांत बाळंतपण करणारी, नाळ कापणारी, वार पुरणारी बाई महार-मांगांच्या घरातून येई. मूल उलटे आहे की सुलटे हे ती हाताने ओळखे. पण तिच्या या ज्ञानाला कोणी ज्ञान म्हटले नाही. काम संपले की तिला बाहेर काढून घर शुद्ध केले जाई.

आता १८५५ सालाकडे वळू. त्या वर्षी फ्लोरेन्स नाइटिंगेल क्रिमियन युद्धातील जखमी सैनिकांसाठी स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात राबत होत्या. त्याच वर्षी पुण्यात, फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्यात तिने विचारले की आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसते, थंडी-पाऊस सोसावा लागतो. त्यातून आजार जडला तर वैद्याला द्यायला पैसा कुठून आणायचा? नाइटिंगेल रुग्णाला हवा, उजेड, स्वच्छता आणि निवारा मिळाला पाहिजे असे सांगत होत्या. मुक्ता तेच मागत होती. फरक इतकाच की एकीची मागणी नर्सिंगचा पाया म्हणून जगभर शिकवली गेली आणि दुसरीचे नाव नर्सिंगच्या वर्गात कोणी घेत नाही.

नाइटिंगेल यांचे मोठेपण आम्ही नाकारत नाही. मात्र त्यांची थोरवी हातातल्या दिव्यापुरती नाही. सैनिक जखमांपेक्षा घाण, गर्दी आणि संसर्गाने जास्त मरतात हे त्यांनी आकडेवारीने दाखवले, मृत्यूंचे तक्ते काढून सरकारपुढे मांडले. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने प्रशिक्षणशाळा सुरू झाली आणि नर्सिंग हे पद्धतशीर शिक्षण घेऊन करायचे काम ठरले. पण याच युद्धात जमैकाच्या मेरी सीकोल यांचा नर्स म्हणून जाण्याचा अर्ज नाकारला गेला. त्या स्वतःच्या खर्चाने गेल्या आणि सैनिकांची काळजी घेतली. त्या कृष्णवर्णीय होत्या. कोणाची सेवा इतिहासात नोंदवायची हे तिथेही रंग पाहूनच ठरत होते.

आपल्याकडे १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला. सावित्रीमाईंचे पुत्र डॉ. यशवंत यांनी गावाबाहेर ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या मुलाला प्लेग झाला, तेव्हा माईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या काळात महाराची सावलीही नको होती, त्या काळात त्यांनी त्याचे आजारी शरीर पाठीवर घेतले. आमच्या मते महाराष्ट्रातील नर्सिंगचा इतिहास या प्रसंगाशिवाय लिहिता येत नाही. कारण विटाळ टाकल्याशिवाय शुश्रूषा सुरूच होत नाही.

परंतु या त्यागाचाही गैरवापर होतो. नर्सने जीव द्यावा हा त्याचा अर्थ नाही. पुन्हा कोणाला असा जीव द्यावा लागू नये, म्हणून शासनाने व्यवस्था उभी करावी हा अर्थ आहे. २२ मार्च २०२० रोजी देशाने थाळ्या वाजवल्या. थाळीचा आवाज ऐकू आला, पण नर्स मागत होत्या ते संरक्षक पोशाख सगळीकडे वेळेवर पोहोचले नाहीत.

भारतात हा पेशा रुजायला वेळ लागला, त्याचे एक मोठे कारण जात आहे. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे, बेडपॅन उचलणे हे सवर्ण घरांना हलके वाटे. म्हणून सुरुवातीच्या काळात युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि भारतीय ख्रिस्ती स्त्रियाच मोठ्या संख्येने यात आल्या. समाजाने टाकलेल्या मुलींसाठी मिशनची रुग्णालये शिक्षणाची दारे ठरली. परिणाम काय झाला? १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार ब्रिटिश भारतात सुमारे ४३,००० लोकांमागे एक नर्स होती. त्यानंतर १९४७ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला आणि देशभर शिक्षणाचा एक दर्जा ठरू लागला.

बाबासाहेबांचा या इतिहासाशी संबंध काय, असे कोणी विचारेल. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्यांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. पुढच्याच वर्षी, जुलै १९२८ मध्ये, मुंबई विधिमंडळात त्यांनी प्रसूती लाभ विधेयकाची बाजू मांडली. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये तो कायदा झाला. या दोन घटना एकत्र वाचल्या पाहिजेत. एकीत जन्माने लादलेली सेवा नाकारली. दुसरीत काळजी ही कोणाची दया नसून कायद्याने मिळणारा हक्क आहे हे सांगितले.

आधुनिक नर्सिंगही हेच सांगते. व्हर्जिनिया हेंडरसन यांच्या मते, माणसाकडे बळ, इच्छा आणि ज्ञान असते तर जे त्याने स्वतः केले असते, ते करायला त्याला मदत करणे आणि शक्य तितक्या लवकर त्याला स्वावलंबी करणे हे नर्सचे काम आहे. त्यासाठी नर्स रुग्णाची पाहणी करते, त्याच्या गरजा ठरवते, काळजीची आखणी करते, ती अमलात आणते आणि परिणाम तपासते. डॉक्टरांनी लिहिलेले औषध चुकीच्या मात्रेत आहे असे दिसले तर विचारणे हे तिचे कर्तव्य आहे. इथे शुश्रूषेचा अर्थ बदलतो. वरच्याचा हुकूम ऐकण्याऐवजी ती रुग्णाचे ऐकते. त्यासाठी एएनएमची दोन, जीएनएमची तीन आणि बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षे खर्ची घालावी लागतात. मग या शिक्षणाचे दाम मागताना 'सेवा' आडवी का यावी?

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही नर्सला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत अशी शिफारस केली. आपल्या भागातील किती रुग्णालये ती पाळतात, हे घरातल्या नर्सला विचारा. आणि नर्स भगिनींनो, तुम्हीही एक प्रश्न स्वतःला विचारा. तुमच्याच वॉर्डातील आया आणि सफाई कामगार बाईला तुम्ही कोणत्या कपातून चहा देता? विटाळ पांढऱ्या गणवेशातही लपून बसू शकतो.

आमच्या वस्तीतील त्या मुलीची प्रमाणपत्रे परत मिळाली. तिसऱ्या फेरीत, लेखी अर्जावर पोच घेतल्यानंतर. आज ती दुसरीकडे काम करते आणि इतर मुलींना अर्ज लिहायला शिकवते. येत्या १२ मे रोजी दिवा जरूर लावा. पण त्या दिवशी सावित्रीमाईंचा पांडुरंग आणि मुक्ताचा प्रश्न विद्यार्थिनींना सांगा, आणि पगाराची पावती मागायलाही शिकवा.

जय भीम!