सुईणीचा हात

माझी आजी सुईण होती. मांगवाड्यातल्या त्या निरक्षर बाईने गावाच्या दोन पिढ्या आपल्या हातांवर झेलल्या. गावाच्या इतिहासात पाटलाचे नाव आहे, देवळाचे आहे, तिचे नाही. आमच्या घरातला पहिला पदवीधर म्हणून तिचा हिशेब मांडणे मला माझे काम वाटते.

महाराष्ट्रातल्या अनेक गावांत बाळंतपण हे मांगिणीचे काम मानले जाई. तिच्या कौशल्याचा मान म्हणून ते तिच्याकडे आले नव्हते. रक्त, नाळ, वार यांना विटाळ मानणाऱ्या जातिव्यवस्थेने ते तिच्यावर लादले होते. वाड्यावरची लेकसून अडली की रात्री कंदील घेऊन गडी यायचा. सोयर असेतो आजीचा स्पर्श चाले. बारावा झाला, घर शुद्ध झाले, की तीच बाई पुन्हा उंबऱ्याबाहेर. मोबदला म्हणजे पायलीभर जोंधळे आणि जुने लुगडे.

आणि तिच्या स्वतःच्या वाड्यात काय होते? जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसते, आजार जडला तर वैद्याला पैसा कुठून आणायचा, हा सवाल तिने त्यात केला. गावाची बाळंतपणे करणाऱ्या जातीच्या लेकीने विचारलेला हा सवाल आहे. पुढे १८६३ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि विधवांची बाळंतपणे आपल्या दारात केली. विटाळाची कल्पना नाकारूनच ते शक्य झाले.

आजीपाशी ज्ञान होते. कळा सुरू झाल्यापासून वार पडेपर्यंत ती बाईजवळून हलत नसे. तिला चालवी, उकिडवी बसवी, कंबर चोळी, धीर देई. नंतर दहा-बारा दिवस तेल लावणे, न्हाऊ घालणे, शेक देणे, बाळाला अंगावर पाजायला शिकवणे चाले. प्रसूतीत सतत सोबत मिळाली तर कळांचा काळ घटतो आणि शस्त्रक्रियेची वेळ कमी येते, हे आज वैद्यकशास्त्रही सांगते.

पण आजीचे देव्हारे मला माजवायचे नाहीत. विळ्याने नाळ कापली जाई. धनुर्वाताने बाळ गेले की 'सटवीने नेले' म्हणत. रक्तस्राव थांबेना झाला की तिचे हात टेकत. लस आणि स्वच्छ प्रसूती यांच्या बळावर २०१५ साली माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. दवाखाना हवाच.

मात्र माझी बहीण ज्या दवाखान्यात बाळंत झाली, तिथे औषध होते, जवळ माणूस नव्हते. ती ओरडली तेव्हा शिवी मिळाली. सरकारी दवाखान्यांत प्रसूतीवेळी सोबतीण ठेवायला केंद्र सरकारने २०१६ साली मान्यता दिली. २०१८ साली परिचारिकांना अठरा महिन्यांचे खास प्रशिक्षण देऊन सुईणी घडवण्याचे धोरण आखले. म्हणजे जे आजी करीत होती, त्याला आता पदवी आणि पगार मिळणार आहे.

त्या वर्गात आमच्या मुली बसणार आहेत काय? विटाळ होता तेव्हा काम आमचे होते. प्रतिष्ठा येताना ते दुसऱ्यांचे होत असेल, तर या इतिहासातून आपण काहीच शिकलो नाही.