बेल्लारीचा पायलट

निम्हान्स म्हटलं की बंगळुरूचं मोठं हॉस्पिटल आठवतं. मला मात्र बेल्लारी आठवतं. खेड्यातला पेशंट बंगळुरूला कधी पोचणार? मग प्राथमिक आरोग्य केंद्रातला साधा एमबीबीएस डॉक्टर स्किझोफ्रेनिया किंवा फिट येणारा पेशंट सांभाळेल का? निम्हान्सने हे आधी सकलवारा गावाच्या परिसरात आणि १९८५पासून अख्ख्या बेल्लारी जिल्ह्यात करून बघितलं. थोडं ट्रेनिंग, मोजकी औषधं. जमलं! १९९६मध्ये याच धर्तीवर देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. आमच्या भाषेत, पायलट प्रॉडक्शनला गेला. पण २०१५-१६मध्ये निम्हान्सनेच १२ राज्यांत सर्वेक्षण केलं, तर मानसिक आजार असलेल्या बहुतेकांना उपचार मिळतच नव्हते. आपल्याच मॉडेलचा बग आपणच छापला, हे मला भारी वाटलं.