राख, चिंच आणि रिठा

श्रोतेहो, इतिहास म्हटला की राजांच्या वंशावळी आणि लढायांच्या सनावळ्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु मोरीजवळच्या कोनाड्यालाही त्याचा इतिहास असतो, आणि तो आपल्या नित्याच्या जीवनास अधिक जवळचा असतो. त्या कोनाड्यात एके काळी राख, चिंच आणि रिठा या तीन वस्तू असत. आज त्यांची जागा एका रंगीत बाटलीने घेतली आहे. त्या बाटलीस कंटाळलेले पुष्कळ लोक विचारतात, 'घरच्या घरी एकच सर्वोपयोगी द्रव्य कसे करावे?' या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी, आपल्या पूर्वजांनी एकाऐवजी तीन वस्तू का बाळगल्या, हे पाहणे उपयुक्त होईल.

ही निवड फार प्राचीन आहे. मनुस्मृतीच्या इतर वचनांविषयी कितीही मतभेद असोत, तिच्या पाचव्या अध्यायातील द्रव्यशुद्धीचे प्रकरण या बाबतीत बोलके आहे. तांबे, लोखंड, कासे, पितळ यांच्यासाठी क्षार, आम्ल आणि पाणी. रेशीम व लोकर यांच्यासाठी खारी माती. आणि कांबळ्यांसाठी रिठा, अशी तेथे विभागणी आहे. सुश्रुतसंहितेत क्षार तयार करण्याचा विधी आहे. वनस्पती जाळून त्यांची राख सहापट पाण्यात कालवावी व ते पाणी एकवीस वेळा गाळावे, असे तीत सांगितले आहे. तो क्षार औषधासाठी होता. पण राखेचे पाणी गाळून घेणारी गृहिणी त्याच शास्त्राची धाकटी बहीण होय.

या विभागणीचे कारण आधुनिक रसायनशास्त्राने स्पष्ट केले आहे. राखेतील पोटॅशियम कार्बोनेट तेलकटपणा सोडविते. चिंचेतील टार्टारिक आम्ल तांब्यापितळेवरचा काळा थर विरघळविते. रिठ्याच्या सालीतील सॅपोनिन पाण्याला फेस आणते आणि धाग्यास इजा न करता मळ सुटा करते. क्षार आणि आम्ल एकत्र केले, तर ती दोन्ही एकमेकांचे बळ हरण करतात. म्हणून खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एका बाटलीत मिसळून 'सर्वोपयोगी' द्रव्य केल्याचे समाधान मानणाऱ्याच्या हाती बुडबुडे येतात, शक्ती फारशी येत नाही. तीन वस्तू वेगळ्या ठेवणारी आजी शास्त्र शिकली नव्हती. पण तिचा अनुभव शास्त्राला धरून होता.

आता आपल्या माणदेशाकडे वळू. कुळकजाईजवळच्या डोंगरात उगम पावणारी माणगंगा दहिवडी व म्हसवडवरून वाहते. पण वर्षातील बराच काळ तिचे पात्र कोरडे असते. इ. स. 1876-77 च्या दुष्काळातील कामांतून म्हसवडजवळ राजेवाडीचा तलाव उभा राहिला, आणि 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी आजही घरोघर सांगितल्या जातात. पाणी थोडे, आणि जे असे तेही पुष्कळ विहिरींत दुष्फेन. दुष्फेन पाण्यात साबणाचा फेस होत नाही, चुनखडीशी मिळून त्याचा चोथा होतो. रिठ्याचा फेस मात्र अशा पाण्यातही येतो. कोरड्या माळावर वाढणाऱ्या हिंगणबेटाच्या गरातही हाच गुण आहे. रेशमी वस्त्रे त्या गराने धुण्याची चाल होती. घोंगडी विणणाऱ्या मुलखात लोकरीला सौम्य असे हे द्रव्य प्रिय व्हावे, यात नवल नाही.

क्षाराचा व्यापारही आपल्याकडे होता. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवराचे पाणी अतिशय खारे आहे. उन्हाळ्यात काठावर बसणारा क्षार गोळा केला जाई. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त, काच आणि साबण करण्यास लागणारे सर्व पदार्थ या भागात मिळतात, अशी नोंद आहे. 'साबण' या शब्दाचे नाते अरबी 'साबून'शी आहे. वस्तू आणि शब्द दोन्ही व्यापाराच्या वाटेने फिरत राहिले.

युरोपात मात्र साबण कारखान्याचा झाला. फ्रान्समध्ये निकोलास लब्लाँ याने 1791 साली मिठापासून सोडा करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. सोडा स्वस्त झाला व साबण गोरगरिबांच्या हाती आला. हा मोठाच लाभ होय. परंतु त्या कारखान्यांतून निघणाऱ्या आम्लवायूने आसपासची झाडे जळू लागली, आणि ब्रिटिश पार्लमेंटला 1863 साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. घरातील मळ गेला, तो शेजाऱ्याच्या शेतावर जाऊन बसला!

हिंदुस्थानात 1888 साली कलकत्त्याच्या बंदरात सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या. 1905 नंतरच्या स्वदेशीच्या लाटेत देशी साबणाची मागणी वाढली. पहिले महायुद्ध संपण्याच्या सुमारास अर्देशीर गोदरेज यांनी वनस्पतिजन्य तेलांचा साबण बाजारात आणला. पुढे 1959 साली सर्फ आले, आणि 1969 साली गुजरातेत करसनभाई पटेल यांनी निरमाची स्वस्त पूड विकण्यास प्रारंभ केला. या पुडी दुष्फेन पाण्यातही फेस देतात. राखेचे दिवस तेव्हाच सरले.

श्रोतेहो, या बदलात आपण काय गमावले? फेस गमावला नाही, शुभ्रताही गमावली नाही. गमावले ते सांडपाणी. आमच्या भागात मोरीचे पाणी परसातल्या शेवग्याला, दोडक्याच्या वेलाला जाई. राखेतले पोटॅशियम हे वनस्पतींचे खाद्यच आहे. उलट धुण्याच्या सोड्यातील सोडियम जमिनीत साचत गेले की माती घट्ट होते, तिच्यात पाणी मुरत नाही. जेथे एकच घागर दोन कामांना पुरवावी लागते, तेथे धुतलेले पाणी झाडाला घालता येईल की नाही, हीच स्वच्छतेच्या द्रव्याची खरी परीक्षा होय.

या परीक्षेत उतरणारी कृती सोपी आहे. पंधरा-वीस रिठे फोडून बिया काढाव्या. साली 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्या, सकाळी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे उकळाव्या, आणि निवल्यावर कुस्करून फडक्याने गाळून घ्याव्या. या पाण्याने फरशी, लाकडी दारे, लोकरी कपडे व भांडी साफ होतात. ते चारपाच दिवसांतच आंबू लागते. म्हणून थोडेच करावे. वाळल्या साली मात्र डब्यात वर्षभर राहतात. तांब्यापितळेसाठी चिंच वेगळी ठेवावी; ती संगमरवरी वा शहाबादी फरशीला लावू नये, आम्लाने दगड खातो. राख तेलकट भांड्यांना वापरावी, पण ॲल्युमिनियमला नव्हे. क्षाराने ते काळवंडते.

या वस्तूंच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यास फार झोंबते. ते माशांना विषारी असल्याने ओढ्यात वा तळ्यात सोडू नये, झाडाच्या आळ्यात जिरवावे. ते मळ काढते, परंतु रोगजंतूंचा नाश करण्याची खात्री देत नाही. घरात साथीचा रोग असेल तर कपडे उकळावे व ब्लीचिंग पावडरचा उपयोग अवश्य करावा. मात्र तिच्यात चिंच, लिंबू किंवा कोणतेही आम्ल कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

जुने ते सर्वच सोने, असे माझे म्हणणे नाही. साबणाने मनुष्यजातीवर केलेले उपकार मोठे आहेत. परंतु मळ केवळ आपल्या उंबऱ्याबाहेर लोटणे म्हणजे स्वच्छता नव्हे. तो कोठे जातो याचा हिशेब ठेवणे, हे त्या जुन्या कोनाड्याचे शिक्षण होते. आणि पाण्याच्या थेंबाथेंबाची किंमत जाणणाऱ्या माणदेशाला तरी ते विसरणे परवडणार नाही.