बावखलाचे पाणी आणि चित्रकाराची नजर

वसईच्या वाडीत वाढलेल्या माणसाला बावखल म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. आमच्या पूर्वजांनी बागायतीसाठी ही बावखले खोदली. पावसाचे गोडे पाणी त्यांत साठे, जमिनीत मुरे आणि रहाटाने केळी-पानवेलींपर्यंत पोहोचे. पावसाळा सरून गाळ खाली बसला, की काठावर उभ्या असलेल्या आम्हां मुलांना पायांजवळचा तळ स्पष्ट दिसे. पलीकडे मात्र केवळ आकाश. पाणी एकच असता ही दोन रूपे कशी, ह्याचे आम्हांस नवल वाटे.

चित्रकारांनाही हाच प्रश्न पडत आला आहे. इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन ह्यांनी १८४३ साली 'मॉडर्न पेंटर्स'च्या पहिल्या खंडात पाण्याच्या चित्रणावर स्वतंत्र विभाग लिहिला. सरळ खाली पाहिले असता पृष्ठभागावरून जेमतेम दोन टक्के प्रकाश परततो, म्हणून तळ दिसतो. नजर जितकी तिरपी, तितके प्रतिबिंब बळावते. शिवाय माडाचे काळसर प्रतिबिंब पडते तेथे तळ उलगडतो आणि उजळ आकाशाच्या प्रतिबिंबात तो लोपतो. म्हणूनच जलरंगात आधी तळाचा रंग देऊन तो वाळू द्यावा लागतो. प्रतिबिंबाचा पातळ हात त्यावर मागाहून फिरतो.

आपल्याकडे अशी साधना केली ती आबालाल रहिमान ह्यांनी. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकून ते कोल्हापूरला परतले आणि राजर्षी शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले. कोटीतीर्थ तलावाच्या सान्निध्यात राहून त्यांनी तेथील पाणी व परिसर पुन्हा पुन्हा रंगविला. १९३१ साली ते निवर्तले. पण त्यांनी पाहिलेले कोटीतीर्थ कागदावर राहिले.

आमच्या गावच्या बावखलाकाठी रंगपेटी घेऊन कोणी बसल्याचे आम्हांस स्मरत नाही. पुढे कित्येक बावखलांत भराव पडला आणि त्यांवर इमारती उठल्या. बावखल बुजले, की विहिरींत मुरणारे गोडे पाणी घटते आणि खारे पाणी आत सरकते. ह्या हानीची मोजदाद कागदोपत्री होईलही. परंतु तो दिसणारा तळ कोणत्या दप्तरात सापडणार?

ज्यांच्या वाडीत बावखल अद्याप शिल्लक आहे, त्यांनी ते राखावे आणि मुलांच्या हाती रंग देऊन त्यांना काठावर बसवावे, एवढीच आमची विनंती आहे.