मोटरीचं बटण घरात कसं आलं



आज खत नाही, कीड नाही, फवारणी नाही. आज थोडा इतिहास सांगतो. घरात टीव्ही कधी आला, फ्रिज कधी आला, मोबाईल कधी आला, याच्या गोष्टी सगळेच सांगतात. पण शेतकऱ्याच्या घरात आलेली मोठी वस्तू म्हणजे विहिरीवरच्या मोटरीचं बटण. ते विहिरीवरून निघून आपल्या उशाशी कसं आलं, हे कुणी फारसं लिहीत नाही. आणि त्या वाटेत आपल्या हातातून काय सुटलं, हेही कुणी मोजत नाही.

सुरुवात मोटेपासून करू. पहाटे बैलजोडी जुंपायची. बैल धावेवरून खाली उतरले की नाडा ताणायचा, चामड्याची मोट वर यायची आणि सोंडेतून थारोळ्यात पाणी पडायचं. तिथून पाटानं वाफ्यात. एक माणूस मोटेवर, एक दारं धरायला. पाणी थोडं आणि कष्ट फार, म्हणून मोटेचं गुणगान मी गाणार नाही. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मोट कधी चालू करायची हे मोटकरी ठरवायचा. आणि विहिरीत पाणी किती राहिलं हे त्याला डोळ्यानं दिसायचं.

मग इंजिन आलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडीच्या माळावर कारखाना वसवला. त्यांचे लोखंडी नांगर शेतकऱ्याला माहीत होतेच. पुढं १९४६ साली पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. हँडल मारायचं, इंजिन फटफट करायला लागलं की पट्ट्यावर पंप. बैल सुटले, पण डिझेलचा खर्च मागं लागला. तरी वेळ अजून आपलाच होता. डिझेल असेल तर रात्री बारालाही चालू आणि दुपारी बारालाही.

१९६० साली महाराष्ट्र राज्य वीज मंडळ झालं. हळूहळू शिवारात खांब आले. कोटेशन भरायचं, वाट बघायची आणि एक दिवस तीन किंवा पाच एचपीची मोटर बसायची. हिरवं बटण दाबलं की पाणी, लाल दाबलं की बंद. ना बैल, ना डिझेल. ज्यांनी मोट हाणली होती त्यांना ही जादूच वाटली असणार.

पण इथंच पहिल्यांदा वेळ आपल्या हातातून गेली. बटण आपलं, पण लाईट कधी येणार हे दुसरीकडं ठरायला लागलं. २००५ साली मंडळाचे भाग पडले आणि वीज वाटपाचं काम महावितरणकडं आलं. शेतीच्या थ्री फेज लाईटच्या पाळ्या लागल्या. आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास, बाकीचे दिवस रात्री. कारण साधं आहे. दिवसा कारखाने, दुकानं, कचेऱ्या यांचा भार असतो. रात्री तो उतरतो, मग उरलेली वीज शेतीला. हिशेब विजेच्या बाजूनं बरोबर आहे, पण जागायचं शेतकऱ्यानं.

रात्रीचं पाणी म्हणजे काय हे इथल्या वाचकाला सांगायला नको. बॅटरी, काठी, पायात बूट. बांधावर घोणस आहे का मण्यार, हे पाय पडल्यावर कळायचं. जुन्नरकडच्या उसाच्या पट्ट्यात तर बिबट्याची भीती. अर्ध्या रात्री लाईट जायची, परत कधी येईल म्हणून माणूस विहिरीवरच घोंगडी टाकून बसायचा. दिवसा लाईट द्या म्हणून २०२२ साली कोल्हापुरात शेतकरी महावितरणच्या दारात धरणं धरून बसले, ते उगाच नाही.

यावर शेतकऱ्यानं पहिला उपाय केला तो ऑटोस्विच. छोटा डबा. तिन्ही फेज आले की तोच स्टार्टर ओढतो. माणूस घरी झोपलेला, मोटर आपोआप चालू. आपल्या घरातली पहिली ‘स्मार्ट’ वस्तू म्हणतात ती हीच, इंटरनेट यायच्या आधीची. एकट्याच्या सोयीला उत्तम. पण डीपीवर सगळ्यांनीच ऑटो लावले तेव्हा काय झालं, त्याचा हिशेब मांडू.

पाच एचपीची मोटर चालू असताना साधारण साडेसात अँपिअर घेते. पण थेट सुरू होताना काही क्षण त्याच्या पाच-सहा पट घेते, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस. आता १०० केव्हीएची डीपी धरा. ती एका फेजला साधारण १३५ अँपिअर देऊ शकते. त्यावर पंधरा मोटरी असल्या, तर चालताना ११० च्या आसपास, म्हणजे डीपी निवांत. पण लाईट आली आणि पंधराही ऑटोनी एकाच सेकंदाला स्टार्टर ओढले, तर मागणी सहाशेच्या पुढं! व्होल्टेज खाली बसतं, मोटरी वेग घेत नाहीत, नुसत्या घुमतात, आणि मग फ्यूज जातो, नाहीतर डीपीच जळते. महावितरण ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा म्हणून सांगत आलंय ते याच कारणानं. डीपी जळली की नवी येईपर्यंत उभं पीक वाळतं, आणि ते ज्यानं ऑटो लावला नाही त्याचंही वाळतं.

तिसरा टप्पा मोबाईलचा. देशात पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला. तेव्हा आलेल्या कॉललाही पैसे पडायचे. २००३ पासून इनकमिंग फुकट झालं, आणि आपल्या लोकांनी मिस्ड कॉलचा शोध लावला. एक रिंग म्हणजे निघालो, दोन म्हणजे पोचलो. पैसा खर्च न करता निरोप. हीच युक्ती मोटरीला लागू पडली. स्टार्टरच्या पेटीत सिम टाकायचं, घरून रिंग द्यायची, मोटर चालू. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ हे या कामातलं गाजलेलं नाव. रात्री-अपरात्री मोटरीसाठी शेतात चालत जाणारे आजोबा बघून हे सुचलं, असं ते सांगतात. २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. मग इतर बनावटीचे मोबाईल स्टार्टरही गावोगाव पोचले.

ऑटोपेक्षा हा डबा शहाणा आहे. लाईट आली की कळवतो. एखादा फेज गेला तर मोटर बंद करतो. विहिरीचं पाणी संपून मोटर कोरडी चालायला लागली की अँपिअर कमी होतात, ते ओळखून थांबतो. आणि घरातलं कुणीही मोटर चालू करू शकतं. म्हातारी माणसं, कामावर गेलेला पोरगा, स्वयंपाकघरातून घरची लक्ष्मी. पूर्वी मोटर हे घरातल्या एकाच माणसाचं काम होतं, आता ते सगळ्या घराचं झालं. हा बदल लहान नाही.

पण यानंही आपली अडचण मागं ठेवलीच. एक, सिमची. २०१८ च्या शेवटाला कंपन्यांनी इनकमिंग चालू ठेवायलाही दर महिन्याचा कमीत कमी रिचार्ज लावला. म्हणजे मोटर वापरा न वापरा, तिच्या सिमला चारा घालावाच लागतो. दोन, नेटवर्कची. जुन्या पेट्या टूजीवर चालतात. तुमच्या शिवारात ज्या कंपनीचं टूजी नाही, तिचं सिम त्या पेटीला चालत नाही. तीन, आणि सगळ्यात मोठी, पाण्याची. फोन सांगतो मोटर चालू आहे. सरी भरली का, पाट फुटला का, हे तो सांगत नाही. पाटपाणी असेल तर दारं धरायला जावंच लागतं. ठिबक किंवा शेततळं असेल त्यालाच घरून बटण दाबायचा खरा फायदा. नाहीतर लाईट जाईपर्यंत पाणी पडत राहतं. नदीकाठच्या काळ्या रानात जास्त पाण्यानं जमिनी क्षारपड कशा होतात, हे सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांनी आधीच बघितलंय.

आता चौथा टप्पा चालू आहे. २०१७ साली राज्यानं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, म्हणजे सौर प्रकल्पाची वीज शेतीच्या फीडरला दिवसा. २०१९ साली केंद्राची पीएम-कुसुम आली, त्यात शेतात स्वतंत्र सौर पंप. माझ्या मते मोबाईल स्टार्टरनं रात्र घरात आणली, पण दिवसाची वीज रात्रच काढून टाकते. खरा इलाज हा. यातही नवी अडचण असणारच. ढग आले की पाणी कमी. ऊन आहे तोवर उपसायला खर्च नाही, म्हणून विहीर लवकर तळ गाठणार. या योजनेतल्या सौर पंपालाही सिम असतं, पंप किती चालला याची माहिती बाहेर जाते. हे माहीत असावं.

सगळा इतिहास एका ओळीत सांगायचा तर असा: प्रत्येक यंत्रानं आधीची एक अडचण काढली आणि स्वतःची एक ठेवली. मोटेनं घाम घेतला, इंजिनानं पैसा, लाईटनं वेळ, ऑटोनं डीपी आणि मोबाईलनं नजर. म्हणून पेटी घेताना किंमत विचारा, पण एवढंही विचारा:

१. लाईट आल्यावर मोटर किती उशिरानं सुरू करायची हे ठरवता येतं का?
२. कोरडी चालली तर थांबते का? एक फेज गेला तर?
३. आपल्या विहिरीवर कुठल्या कंपनीची रेंज आहे, आणि पेटी टूजीची की फोरजीची?
४. ठरलेल्या वेळेनं मोटर आपोआप बंद होते का?

यातलं पहिलं सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते एकट्यानं होत नाही. आमच्या डीपीवरच्या लोकांनी बसून नंबर लावलेत. पहिल्याची मोटर एका मिनिटानं, दुसऱ्याची दोन, तिसऱ्याची तीन. शेवटच्याला थोडं थांबावं लागतं, म्हणून दर महिन्याला नंबर फिरतो. खर्च शून्य, फक्त एकदा एकत्र बसावं लागलं. जळलेल्या डीपीची वाट बघत बसण्यापेक्षा ते बसणं बरं.

तुमच्या डीपीवर किती मोटरी आहेत आणि लाईट आल्यावर त्या कशा सुरू होतात, जरूर कळवा. आणि रात्री जाणारच असाल तर बूट घालून जा.